काळ्या मातीत कोळसा कशाला?

वाचकाचं पत्र

"नमस्कार. सांवेर रस्त्याला आमची सहा एकर शेती आहे. मामंजींचे गुडघे गेल्यापासून मीच बघते. राहतो इंदूरला, सुदामा नगरात. जमीन काळी आहे. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू, कधी हरभरा घेतो. नाल्याकडचा अर्धा एकर मात्र मुरमाड, बरड आहे. गोठ्यात दोन म्हशी आहेत.

दिवाळीनंतर एक विक्रेता बायोचार नावाचा कोळसा घेऊन आला. म्हणाला, याच्या एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर जागा असते, तिथे कोट्यवधी जिवाणू राहायला येतात. एकरी दोन टन टाका, शंभर वर्षं बघायला नको. भाव किलोला वीस रुपये. त्याच्या पत्रकात घेवड्याचा एक प्रयोग छापलाय, त्यात मुळांवरच्या गाठींमधून मिळणारं नत्र 50 टक्क्यांवरून 72 टक्क्यांवर गेलं. मी एक पोतं घेऊन परसातल्या वाफ्यात मिसळलं आणि पालक लावला. तो पिवळा पडला. मुलगा इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकतो. तो म्हणतो, कोळशाने सामू (पीएच) वाढतो आणि जिवाणू मरतात. मामंजी म्हणतात, जमीन आधीच काळी आहे, तिला आणखी काय काळं करायचंय?

जिवाणू वाढतात की मरतात? जूनमध्ये सोयाबीनच्या आधी घालू का? मागच्या खरिपात सोयाबीनला गाठीही कमी दिसल्या, म्हणून मोह होतोय. विक्रेता विसार मागतोय."

— एक वाचक, इंदूर

उत्तर

ताई,

पैशाचा प्रश्न आहे, म्हणून निकाल आधी सांगतो. सोयाबीनखालच्या काळ्या रानात विकतचं बायोचार एकरी दोन टन घालू नका. चाळीस हजार रुपये एकराला जातील आणि त्या जमिनीतल्या जिवाणूंना ज्याची चणचण आहे ते त्यातून मिळणार नाही. बरड अर्ध्या एकरात मात्र थोडं करून बघण्यासारखं आहे, पण कोरडा कोळसा घालून नव्हे, शेणखतात मुरवून.

बायोचार म्हणजे लाकूड, तुराट्या, भुसकट असलं काही कमी हवेत साधारण 350 ते 700 अंश सेल्सिअसला भाजून उरलेला कोळसा. गहू काढल्यावर आपल्याकडे नरवाई, म्हणजे उरलेली खुंटं, पेटवतात त्याचा आणि याचा संबंध नाही. नरवाई जळून जाते, राख उरते, आणि वरच्या थरातले जीव भाजले जातात ते वेगळंच.

आता हा कोळसा जिवाणूंचं खाणं आहे का? फारसं नाही. जगभरातल्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब 2016 मध्ये मांडला गेला. त्यात बायोचारमधला सरासरी 3 टक्केच कर्ब (कार्बन) काही महिन्यांत कुजणारा निघाला. उरलेला 97 टक्के शेकडो वर्षं जवळपास तसाच राहतो. विक्रेत्याची शंभर वर्षांची गोष्ट म्हणूनच खोटी नाही. पण जे शंभर वर्षं टिकतं ते कुणी खात नाही म्हणून टिकतं, एवढं त्याने सांगितलं नाही. बायोचार ही धर्मशाळा आहे, अन्नछत्र नव्हे.

आणि त्या जागेचंही जरा मोजमाप करू. एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर हा आकडा चांगल्या, जास्त तापमानाला केलेल्या कोळशाच्या बाबतीत खरा असतो. प्रयोगशाळेत वायू शोषून तो मोजतात. पण ही जागा बहुतेक सगळी 2 नॅनोमीटरपेक्षाही बारीक छिद्रांत असते. सर्वसाधारण जिवाणू 1 मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे 1000 नॅनोमीटरचा. 2 नॅनोमीटरच्या भोकात तो शिरणार कसा? त्याच्या कामाची छिद्रं वेगळी. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या कोळशातही तशाच राहतात, त्या काही ते काही दहा मायक्रोमीटर रुंद असतात. त्यात जिवाणू मावतात, बुरशीचे धागेही शिरतात, आणि जिवाणू खाणारे मोठे एकपेशीय जीव बाहेर राहतात. पुस्तकातली चित्रं इथवर छान असतात. शेतात तीन वर्षं राहिलेला कोळसा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा मात्र आत वस्ती विरळच आढळली. कित्येक छिद्रं माती आणि सेंद्रिय गाळाने बुजून जातात, काहींत पाणी-हवा पोचत नाही. कोळशाच्या आत काय चाललंय यापेक्षा त्याच्या पृष्ठभागावर आणि त्याला लागून असलेल्या मातीत काय बदलतं, हे जास्त महत्त्वाचं.

तिथे काय बदलतं? सामू बदलतो, ओल धरून ठेवण्याची ताकद बदलते, अमोनियम-पोटॅशसारखी अन्नद्रव्यं धरून ठेवली जातात, काही विषारी द्रव्यं शोषली जातात. यांपैकी ज्याची जमिनीत खोट असेल तिथे सूक्ष्मजीव जोमाने वाढतात. कोकणातली जांभी जमीन, मंडला-दिंडोरीकडची लाल आम्ल जमीन, छत्तीसगडचा मुरूम अशा ठिकाणी आम्लतेमुळे विद्राव्य होणारं ॲल्युमिनियम मुळांना आणि जिवाणूंना दोघांनाही त्रास देतं. कोळशातली राख चुन्यासारखं काम करते, सामू वर येतो आणि जिवाणूंचं चित्र पालटतं. 2017 मध्ये जगभरच्या पिकांच्या आकड्यांचा आढावा झाला, त्यात उष्ण कटिबंधात उत्पन्न सरासरी 25 टक्क्यांनी वाढलेलं आणि समशीतोष्ण प्रदेशात जवळपास काहीच फरक न पडलेला दिसला. आपण उष्ण कटिबंधात आहोत म्हणून 25 टक्के आपलेच, असं विक्रेते सांगतात. पण त्या वाढीमागे उष्ण कटिबंधातल्या आम्ल, निकस जमिनी आहेत.

माळव्याची काळी जमीन आम्लही नाही आणि त्या अर्थाने निकसही नाही. सामू बहुधा साडेसात ते साडेआठ. चिकणमाती एवढी की उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात पाय निघत नाही. पाणी धरणं, अन्नद्रव्यं धरणं ही कामं ही माती स्वतःच जोरात करते. कोळशाचे तीन मोठे गुण म्हणजे सामू वाढवणं, ओल धरणं आणि पोषण धरणं. ते तिघेही तिथे आधीच हजर आहेत. नसतो तो सेंद्रिय कर्ब, बऱ्याच शेतांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास अडकलेला. म्हणजे जिवाणूंना राहायला जागा मुबलक आहे, त्यांची उपासमार होतेय. मामंजींनी थट्टेने म्हटलं असेल, पण मृदाशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा त्यांचाच बरोबर आहे. काळा रंग पाहून जमीन श्रीमंत समजू नका, एवढंच त्यांना माझ्यातर्फे सांगा. तो रंग बराचसा चिकणमातीशी घट्ट बांधलेल्या थोड्याशा सेंद्रिय पदार्थाचा आहे, भरपूर ह्यूमसचा नाही.

ॲमेझॉनच्या काळ्या मातीचा दाखला विक्रेत्याने दिला नाही याचं आश्चर्य वाटलं. तो पुढच्या भेटीत देईल, म्हणून आधीच सांगतो. तिथल्या जुन्या वस्त्यांजवळ शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी घडवलेली काळीभोर माती आजही सुपीक आहे आणि तिच्यात कोळसा आहे, हे खरं. पण त्याच मातीत हाडं, मासळीचा कचरा, मलमूत्र आणि फुटक्या मडक्यांचे तुकडेही आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचा उकिरडा आहे तो. कोळसा उचलून बाकीचा उकिरडा विसरला की विक्रीचं पत्रक तयार होतं.

आता तुमचा पालक. तो पिवळा पडला, तेव्हा आधी जुनी, खालची पानं पिवळी पडली की वरची कोवळी? तुम्ही लिहिलेलं नाही, आठवून बघा. जुनी पानं आधी आणि सगळी सारखी पिवळी पडली असतील, तर नत्र कमी पडलं. कमी तापमानाला भाजलेल्या कोळशावर तेलकट, अर्धवट भाजलेले पदार्थ राहतात. ते तेवढे जिवाणूंचं खाणं, वर सांगितलेल्या 3 टक्क्यांतलं. त्या खाण्यात कर्ब भरपूर आणि नत्र जवळजवळ नाही. जिवाणू ते खाऊन वाढतात आणि स्वतःच्या शरीरासाठी लागणारं नत्र मातीतून उचलतात. काही अमोनियम कोळसा स्वतःच धरून बसतो. पालकाच्या वाट्याला उरतं ते अपुरं पडतं. म्हणजे पालक पिवळा पडला तो जिवाणू मेले म्हणून नव्हे, वाढले म्हणून पडला असण्याची शक्यता जास्त आहे! काही आठवड्यांत हे खाणं संपतं, जिवाणू मरतात आणि अडकलेलं नत्र बरंचसं परत येतं. त्याच वाफ्यात आता मेथी टाकून बघा.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर गोष्ट लोहाची. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त आधीच मुळांना कष्टाने मिळतात. त्यात राखेचा कोळसा एका लहान वाफ्यात पोतंभर गेला की सामू आणखी चढतो आणि पान पिवळं पडतं. सहा एकरांच्या शेतात ही भीती कमी, वाफ्यात जास्त, कारण वाफ्यात तुम्ही एकरी हिशेबाने बरंच जास्त घातलंत.

मुलाचं म्हणणं यात निम्मं बसतं. चांगल्या भाजलेल्या बायोचारचा सामू बहुधा 8 ते 10 असतो, हे त्याचं बरोबर. पण काळी माती सामूतले बदल सहज पचवते, एकरी दोन टनांनी तिचा काटा फारसा हलणार नाही, आणि तेवढ्याने जिवाणू मरतही नाहीत. जिवाणूंना अपाय होतो तो वाईट कोळशाने. धुराच्या भट्टीत डांबरासारखे पदार्थ परत कोळशावर बसले, कच्च्या मालात रंगवलेलं लाकूड किंवा ठिबकच्या नळ्या गेल्या, किंवा राखेतले क्षार फार असले, तर मुळं, गांडुळं, जिवाणू सगळ्यांनाच त्रास. गांडुळं अगदी कोरड्या, ताज्या कोळशापासूनही दूर सरकतात. तो आधी भिजवून घातला तर हा त्रास बराच कमी झालेला प्रयोगांत दिसलाय.

मुलाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. जिवाणू एकमेकांना रसायनांनी इशारे देतात; संख्या पुरेशी झाली की सगळे मिळून एखादं काम सुरू करतात. अमेरिकेत टेक्ससमधल्या राईस विद्यापीठाने 2013 मध्ये दाखवलं की बायोचार हे इशाऱ्याचे रेणू शोषून घेऊ शकतं, आणि जास्त तापमानाला केलेलं बायोचार जास्त शोषतं. जिवाणू जिवंत, संख्याही तीच, पण निरोप पोचत नाही. शेतात याचा परिणाम पिकाच्या बाजूने होईल की विरुद्ध, हे कोणत्या जिवाणूचं कोणतं काम थांबलं त्यावर ठरतं; रोग पाडणारेही असेच इशारे वापरतात. "जिवाणू वाढतात की मरतात" या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर मी देत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. बऱ्याचदा संख्या तेवढीच राहते आणि कोण काय करतं ते बदलतं.

घेवड्याच्या प्रयोगाकडे वळू, कारण मोह तिथेच झालाय. तो प्रयोग खरा आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झाला, माती कोलंबियातली. हवेतून आलेल्या नत्राचा वाटा 50 टक्क्यांवरून 72 टक्क्यांवर गेला, हेही खरं. आता पत्रकात न छापलेलं. 72 टक्के मिळाले तेव्हा किलोभर मातीत 90 ग्रॅम बायोचार होतं. एक एकराची वरची सहा इंच माती साधारण 9 लाख किलो भरते. म्हणजे 90 ग्रॅमच्या हिशेबाने एकरी 81 टन. तुम्हाला देऊ करतायत दोन टन, म्हणजे किलोला सव्वादोन ग्रॅम. शिवाय ती माती आम्ल होती. संशोधकांनी स्वतःच कारण शोधलं तेव्हा मुख्यतः बोरॉन आणि मॉलिब्डेनम ही सूक्ष्म अन्नद्रव्यं जास्त मिळाल्याने गाठींचं काम वाढलं असं निघालं. मॉलिब्डेनम आम्ल जमिनीत अडकून पडतं आणि सामू वाढला की सुटतं. आपल्या जमिनीचा सामू आधीच वर असल्याने ते बहुधा सुटलेलंच आहे. तोच घेवडा, तोच कोळसा सांवेरला आणला तर 72 टक्के येतील असं समजायला आधार नाही.

सोयाबीनच्या गाठी कमी होण्याचं कारण मी आधी दुसरीकडे शोधेन. काळ्या रानात पाऊस लागून राहिला की पाणी साचतं, मातीतली हवा संपते आणि हवेविना गाठी धरत नाहीत. धरल्या तरी काम करत नाहीत. रुंद वरंबा आणि शेजारी सरी काढून पेरलंत तर जादा पाणी सरीतून निघून जातं. या एका बदलाने रायझोबियमचं, म्हणजे गाठींतल्या जिवाणूंचं, जेवढं भलं होईल तेवढं पोत्यातून होणार नाही. दुसरं, पेरताना नत्राचा हात सैल असेल तर झाड गाठी करण्याचे कष्ट घेत नाही. तिसरं बियाण्याचं. बुरशीनाशक आधी लावायचं, ते वाळू द्यायचं आणि जिवाणू संवर्धक (रायझोबियमची भुकटी) सगळ्यात शेवटी, सावलीत, पेरायच्या अगदी आधी. उन्हात ठेवलेलं किंवा मुदत संपलेलं पुडकं म्हणजे नुसती काळी भुकटी.

त्या काळ्या भुकटीवरून आठवलं. रायझोबियमच्या पुडक्यातली भुकटी कित्येकदा लिग्नाइटची किंवा लाकडी कोळशाचीच असते. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात, आणि ते राहतातही. म्हणजे कोळशाचं आणि जिवाणूंचं वैर नाही. पण कारखान्यात त्या कोळशाचं काय करतात पाहा. बारीक दळतात, सामू सातच्या जवळ आणतात, निर्जंतुक करतात, मग भरपूर खाणं असलेल्या द्रवात वाढवलेले जिवाणू त्यात मुरवतात आणि ओल टिकवून पिशवी बंद करतात. इतकी सरबराई केल्यावर ते सहा महिने तग धरतात. कोरडा कोळसा भर उन्हात शेतावर फेकून तेच होईल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

तणनाशकाचं पत्रात काही नाही, पण पेरणीनंतर उगवणीआधी फवारत असाल तर हे वाचा. मातीवर काम करणारी तणनाशकं कोळसा शोषून घेतो. तण मरत नाही, मात्रा वाढवावी लागते, आणि शोषलेलं औषध जिवाणूंच्या तावडीत सापडत नसल्याने ते कुजायलाही वेळ लागतो. दूषित जमीन सुधारताना हाच गुण उपयोगी पडतो. सोयाबीनच्या रानात तो गैरसोयीचा. आणि एकदा मिसळलेला कोळसा परत काढता येत नाही. खत चुकलं तर पुढच्या हंगामात दुरुस्त होतं. शंभर वर्षं टिकणाऱ्या वस्तूबाबत मी म्हणूनच इतकी काचकूच करतोय.

मग काय करायचं? तुमच्याकडे दोन म्हशी आहेत, शेण आहे, आणि तुम्ही इंदूरच्या आहात. मुलगा ज्या महाविद्यालयात शिकतो त्याच आवारात 1924 साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी 1931 मध्ये कंपोस्टची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली गेली. वाडांचं नाव लोक विसरतात, निदान आपण विसरू नये. त्या पद्धतीत काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख असे थर असतात. ढीग ठरावीक दिवसांनी उलटायचा आणि तीन महिन्यांत खत तयार. कोळशाला यात अगदी सोयीची जागा आहे. कोळशाचा चुरा आधी गोठ्यात म्हशींच्या पायाखाली पसरा. मूत शोषलं जाईल, अमोनियाचा वास कमी येईल, म्हणजे हवेत उडणारं नत्र जागेवर राहील. मग तो चुरा काढून ढिगात घाला, दहा टोपल्या काडीकचरा-शेणाला एक टोपली. राख वेगळी घालायची गरज नाही, आपल्या जमिनीला ती नकोच. ढीग तापतो, उलटला जातो, आणि या काळात कोळशाच्या छिद्रांना सेंद्रिय पदार्थाचा पातळ लेप बसतो. 2017 मध्ये हा लेप सूक्ष्मदर्शकाने दाखवला गेला; ओल आणि नायट्रेट धरून ठेवण्यात त्याचा मोठा हात असतो. ताजा कोळसा आणि मुरलेला कोळसा जिवाणूंसाठी जवळपास दोन वेगळ्या वस्तू आहेत. धर्मशाळेत आधी शिधा भरून ठेवायचा तो असा. पालकासारखा नत्राचा उपासही मग पिकाला घडत नाही, कारण तो काळ ढिगातच उलटून जातो.

कोळसा विकतच घ्यायला हवा असंही नाही. तुराट्या, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या वाळवा. कढईसारखा उतरत्या बाजूंचा खड्डा खणा, तळाशी जाळ करा आणि वरचा थर पांढुरका पडू लागला की पुढचा थर टाका. वरची ज्वाळा हवा ओढून घेते, खालच्या थराला ती मिळत नाही आणि तो कोळसा होतो. धूर फार निघाला तर माल ओला आहे किंवा थर जाड पडलाय. शेवटी भरपूर पाणी ओतून पूर्ण विझवा, वर निवला तरी आत धगधगत राहतो. सोयाबीनचा भूसा यात घालू नका. तो म्हशींना घाला किंवा कंपोस्टला, तिथे त्याची किंमत जास्त आहे. कोळसा चांगला झाला का ते हातावर चोळून बघा: साध्या पाण्याने हात स्वच्छ झाला तर ठीक, तेलकट राहून साबण लागला तर डांबर आहे. मग दोन कुंड्यांत मूग पेरा, एकीत नुसती माती आणि दुसरीत दहावा हिस्सा कोळसा. उगवण सारखी हवी.

प्रयोग बरड तुकड्यात करा. तिथे पाणी थांबत नाही, पोषण निसटतं, म्हणून कोळशाला करण्यासारखं काम आहे. आधी मातीच्या ढेकळावर थोडा व्हिनेगर टाका. जोरात फसफसलं तर चुनखडी भरपूर आहे, कोळसा कमी घाला. 10 बाय 10 फुटांचे बारा वाफे आखा. तीन तसेच ठेवा, तिनांत नुसता कोळसा, तिनांत नुसतं कंपोस्ट आणि तिनांत कंपोस्टमध्ये मुरवलेला कोळसा. कोणता वाफा कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर आपला हात नकळत चांगली जागा आवडत्याला देतो. कोळसा वाफ्याला 5 किलो, म्हणजे विक्रेत्याच्याच एकरी दोन टनांच्या जवळ. सगळा मिळून 30 किलो लागेल. नुसत्या कंपोस्टचे वाफे कंटाळून गाळू नका. शेतावरच्या प्रात्यक्षिकांत शेणखत घातलेला कोळसा आणि काहीच न घातलेली जमीन यांची तुलना करून श्रेय कोळशाला देतात. श्रेय शेणखताचं किती, ते याच तीन वाफ्यांवरून कळेल.

जिवाणू मोजायला घरी यंत्र नाही, पण कामाचा अंदाज घेता येतो. शुद्ध सुती कापडाचे सारखे तुकडे करा (मामंजींचं जुनं धोतर उत्तम, टेरिकॉट नको) आणि प्रत्येक वाफ्यात वीतभर खोल पुरा. दोन महिन्यांनी काढून बघा. ज्या वाफ्यात कापडाची जाळी झाली तिथे सेल्युलोज कुजवणारे जीव कामाला लागलेत. सोयाबीन फुलावर आलं की प्रत्येक वाफ्यातून पाच झाडं मुळासकट, माती न झटकता, हळूच उपटा. गाठी मोजा आणि नखाने चिरा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्राचं काम चालू आहे. हिरवट किंवा पांढरी गाठ मोजणीत धरू नका.

माती प्रयोगशाळेत दिलीत तर आकडे जपून वाचा. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी सेंद्रिय कर्ब बहुधा डायक्रोमेट या रसायनाच्या पद्धतीने काढतात. त्यात कोळशाचा कर्ब पूर्ण धरला जात नाही, आणि किती धरला जाईल ते कोळशा-कोळशावर बदलतं. माती जाळून कर्ब मोजणाऱ्या पद्धतीत उलट सगळाच कोळसा मोजला जातो, तेव्हा वाढलेला आकडा पाहून जिवाणूंचं खाणं वाढलं असं समजू नका. जिवाणूंच्या विकरांच्या (एन्झाइमच्या), म्हणजे डिहायड्रोजनेजसारख्या, चाचण्यांतही एक मेख आहे. चाचणीतला रंगच कोळसा शोषून घेतो, आणि जिवाणू कामात असूनही आकडा कमी येतो. मुलाला प्रकल्प करायचा असेल तर विषय इथेच आहे. ज्ञात प्रमाणात रंग कोळसायुक्त मातीत घालून परत किती मिळतो, ते त्याने आधी मोजावं.

कोणी कार्बन क्रेडिटचं, म्हणजे कर्ब हवेत जाऊ न दिल्याबद्दल मिळणाऱ्या विकाऊ प्रमाणपत्राचं, बोललं तर तेही ऐकून घ्या. कर्ब शेकडो वर्षं जमिनीत डांबून ठेवायला बायोचार खरोखर चांगलं आहे. पण मग तो हवामानाचा फायदा, आणि ज्याला क्रेडिट मिळणार त्याने कोळशाचे पैसे द्यावेत. तुम्ही किलोला वीस रुपये देऊन दुसऱ्याचं क्रेडिट का भरायचं?

विक्रेत्याला विसार देऊ नका. विकतचंच घेऊन बघायचं असेल तर 30 किलोचं पक्कं बिल मागा आणि सोबत कच्चा माल कोणता, तापमान किती, सामू, क्षारता, राखेचं प्रमाण आणि डांबरी संयुगांची तपासणी यांचा अहवाल. अहवाल नाही म्हणाला तर तुराट्या आहेतच. कंपोस्टला तीन महिने लागतात, तेव्हा जूनची पेरणी धरायची असेल तर ढीग होळीच्या आत लागायला हवा. गहू निघाल्यावर, नांगरटीच्या आधी, बरड तुकड्याचा आणि काळ्या रानाचा मातीचा नमुना वेगवेगळ्या पिशव्यांत भरा.